जगबुडीच्या कथांची गोडी

जगाचा अंत झाला, शहरें ओस पडलीं, रस्त्यांवर गवत माजलें आणि एवढ्या संहारांतून एखादाच मनुष्य जिवंत उरला, अशी कथा आज चित्रपटांत, कादंबऱ्यांत आणि मुलें तासन्‌तास खेळतात त्या संगणकावरील खेळांत इतकी रुळली आहे कीं, तिचा उगम अणुबाँबच्या भीतींत असावा असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ही कथा अणुबाँबहून सव्वाशें वर्षांनीं वडील आहे. तिनें बाळसें धरलें तें एका पर्वताच्या स्फोटानंतर. आणि तिला पूर्ण रूप दिलें तें एका तरुण विधवेनें.

इ. स. १८१५ च्या एप्रिल महिन्यांत जाव्हाच्या पूर्वेकडील सुंबावा बेटावर तांबोरा नांवाचा ज्वालामुखी जागा झाला. त्याचे पहिले आवाज शेंकडों मैलांवर जाव्हांत ऐकूं आले, ते लोकांस तोफांचे वाटले. योग्यकर्ता येथून, शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला या समजुतीनें फौजेची एक तुकडी रवाना करण्यांत आली. किनाऱ्यावर एखादें जहाज संकटांत असावें म्हणून होड्या पाठविण्यांत आल्या. १० एप्रिलचा मुख्य स्फोट झाल्यावर मात्र कोणाच्या मनांत शंका उरली नाहीं. सुंबावा व शेजारच्या बेटांवर हजारों माणसें मेलीं, कांहीं आगीनें व पुष्कळशीं मागाहून आलेल्या उपासमारीनें. पर्वतानें आकाशांत फेंकलेली गंधकाची वाफ वातावरणाच्या वरच्या थरांत पसरली आणि पुढें वर्ष-दोन वर्षें सूर्याची उष्णता अडवीत राहिली.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८१६ सालीं, युरोप-अमेरिकेंत उन्हाळा आलाच नाहीं. अमेरिकेच्या ईशान्य भागांत जून महिन्यांत हिम पडलें. स्वित्झर्लंडमध्यें पावसानें पिकें कुजलीं, धान्याचे भाव भडकले आणि रस्तोरस्तीं भिकाऱ्यांच्या झुंडी हिंडूं लागल्या. याचें कारण कोणासच ठाऊक नव्हतें. तांबोराशीं या थंडीचा संबंध शास्त्रज्ञांनीं जोडला तो विसाव्या शतकांत. त्या वर्षीं सूर्यावरील डाग नुसत्या डोळ्यांनीं दिसत होते. इटलींतील बोलोन्या येथील एका ज्योतिष्यानें १८ जुलै रोजीं सूर्य विझणार असें भाकीत केल्याची बातमी पसरली आणि निरनिराळ्या देशांत लोक खरोखरच घाबरले.

त्याच उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकांठीं, दिओदाती नांवाच्या बंगल्यांत, लॉर्ड बायरन उतरला होता. जवळच कवि शेली आणि अठरा वर्षांची मेरी गॉडविन रहात असत. पावसानें बाहेर पडतां येईना, म्हणून प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी असें ठरलें आणि त्यांतून मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी निघाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्याच जुलै महिन्यांत बायरननें सूर्य विझल्यावर जगाचें काय होईल यावर ‘डार्कनेस’, म्हणजे ‘अंधार’, ही कविता लिहिली, तिच्याकडे त्या मानानें कमी लक्ष जातें. त्या कवितेंत माणसें उजेडासाठीं स्वतःचीं घरें जाळतात. राजवाडे आणि झोंपड्या सारख्याच पेटतात. सगळे एकमेकांचे वैरी होतात. एक कुत्रा तेवढा आपल्या मेलेल्या धन्याच्या देहाची राखण करीत स्वतः मरतो. ईश्वर कोठेंच येत नाहीं.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. प्रलयाच्या कथा मानवजातीस नव्या नव्हत्या. पुराणांतील मनूला मत्स्य आधींच सावध करतो; बायबलांतील नोहाला ईश्वर नौका बांधावयास सांगतो. या कथांत प्रलयाला कारण असतें, तो आणणारा असतो, वांचवणारा असतो, आणि पाणी ओसरल्यावर सृष्टि पुनः मांडली जाते. १८०५ सालीं फ्रान्समध्यें ग्रँव्हिल नांवाच्या माजी धर्मोपदेशकाची ‘शेवटचा मनुष्य’ ही कृति प्रसिद्ध झाली, तींत देखील बायबलाचा आदिपुरुष आदम येऊन उपदेश करतो. (ग्रँव्हिलनें त्याच वर्षीं आमियां गांवीं पाण्यांत जीव दिला, आपलें पुस्तक छापलेलें त्यानें पाहिलें नाहीं.) कारणावांचून आणि त्रात्यावांचून येणारा अंत हें बायरनच्या पिढीचें अपत्य होय, आणि आजच्या कथा त्याच वंशांतल्या आहेत.

मेरीनें १८१६ च्या अखेरीस शेलीशीं विवाह केला. त्यानंतरचीं आठ वर्षें म्हणजे मृत्यूंची एक मालिका आहे. तिची पहिली मुलगी विवाहापूर्वींच दगावली होती. १८१८ सालीं व्हेनिस येथें क्लारा गेली, १८१९ सालीं रोममध्यें विल्यम गेला. ८ जुलै १८२२ रोजीं शेली समुद्रांत बुडाला. चार अपत्यांपैकीं एक मुलगा तेवढा उरला. १४ मे १८२४ रोजीं तिनें आपल्या रोजनिशींत लिहिलें कीं, शेवटच्या माणसाला काय वाटत असेल तें मला ठाऊक आहे, कारण माझे सोबती माझ्याआधीं संपले. दुसऱ्या दिवशीं तिला बातमी कळली कीं, बायरन ग्रीसमध्यें मरण पावला. जिनीव्हाच्या त्या मैफलीचा जणू दिवाच मालवला. तेव्हां तिचें वय सव्वीस वर्षांचें होतें. ‘द लास्ट मॅन’ ही तीन भागांची कादंबरी तिनें लिहिली ती या मनःस्थितींत, आणि ती १८२६ सालीं लंडनला प्रसिद्ध झाली.

जगाच्या अंतासाठीं तिनें सूर्य विझविला नाहीं. तिनें साथ आणली. त्या काळीं साथ ही केवळ कल्पना राहिली नव्हती. १८१७ सालीं बंगालमध्यें जेसोर येथें पटकीची भयंकर साथ उद्भवली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, खडकीची लढाई झाली त्या महिन्यांत, पेंढारी आणि मराठे यांच्यावर चालून निघालेला लॉर्ड हेस्टिंग्ज बुंदेलखंडांत तळ देऊन असतां ती त्याच्या छावणींत शिरली. हजारों शिपाई आणि बाजारबुणगे शत्रूची गोळी न लागतां मेले. १८१८ सालीं ती मुंबईस आली आणि १८२३ पर्यंत सीरिया व कास्पियन समुद्राच्या कांठापर्यंत जाऊन पोंचली. तांबोरामुळें पावसाळे बिघडले व त्यामुळें ही साथ बळावली असें कांहीं अलीकडचे अभ्यासक म्हणतात; तो अद्याप तर्कच आहे. महाराष्ट्रांत पटकी आली कीं मरीआईचा गाडा गांवच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. त्या उपायानें रोग जात नसेल, परंतु रोगाला एक नांव होतें, एक चेहरा होता, त्याला विनवतां येत होतें. मेरीच्या कादंबरींतील साथीला असा चेहरा नाहीं.

कादंबरीची कथा एकविसाव्या शतकाच्या अखेरीस घडते. इंग्लंडांतील राजेशाही संपलेली आहे. निवेदक लायनेल व्हर्नी याचे दोन मित्र, एड्रियन व लॉर्ड रेमंड, यांच्या रूपानें शेली व बायरन पुनः चालूंबोलूं लागले आहेत. ग्रीक व तुर्क यांच्या युद्धांत कॉन्स्टँटिनोपल पडतें तेव्हां त्या रिकाम्या शहरांत साथ आधींच शिरलेली असते. समुद्र आपलें रक्षण करील असें इंग्रजांना वाटत रहातें. तें कांहीं दिवस खरें ठरतें आणि मग ठरत नाहीं. पहिला भाग बराच रेंगाळतो, दरबारी प्रेमप्रकरणांनीं कंटाळा येतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु उरलेसुरले इंग्रज आपला देश सोडून आल्प्सकडे निघतात तेथून पुस्तक वाचकाला धरून ठेवतें. साथ अखेर थांबते तेव्हां चारच माणसें शिल्लक असतात. एक मूल तापानें जातें. ग्रीसला निघालेली होडी वादळांत सांपडते आणि दोघें बुडतात. रोगानें ज्यांना सोडलें त्यांना समुद्रानें नेलें. शेलीच्या विधवेनें हें लिहिलें आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

व्हर्नी एकटाच किनाऱ्यास लागतो. वाटेवरील गांवांत तो भिंतींवर तीन भाषांत लिहून ठेवतो कीं, आपण रोमला जात आहों, कोणी असेल तर यावें. कोणी येत नाहीं. रोममध्यें अन्न आहे, वस्त्रें आहेत, ग्रंथालयें उघडीं आहेत. तो आपली तुलना रॉबिन्सन क्रूसोशीं करतो आणि म्हणतो कीं, क्रूसो अधिक सुखी, कारण त्याच्या बेटापलीकडे माणसें होतीं. मेंढ्या राखणारा एक कुत्रा त्याला सांपडतो, आणि त्याला पाहून धनगर परत आल्यासारखा तो कुत्रा हर्षानें उड्या मारतो. शेवटीं इ. स. २१०० हें साल नोंदवून, होमर आणि शेक्सपिअर बरोबर घेऊन, कुत्र्यासह तो होडींतून निघतो.

क्रूसोची आठवण येथें सहज आलेली नाहीं. या कथांची गोडी संहारांत नसून शिल्लक मोजण्यांत आहे. सगळें गेल्यावर उरलेली एक भाकरी, एक पुस्तक, एक कुत्रा यांना जी किंमत येते, ती भरल्या घरांत कधींच येत नाहीं. वाचक पुस्तक मिटून उठतो तेव्हां दिवा, पाणी आणि शेजाऱ्याचा आवाज हीं सर्व जागच्या जागीं असतात, आणि क्षणभर तीं त्याला नवीं वाटतात. शिवाय शेवटच्या माणसानें लिहिलेलें पुस्तक वाचावयास कोणी असणें शक्यच नसतें; तरी वाचक तें वाचीत असतो. म्हणजे तोहि वांचलेलाच.

१८२६ च्या परीक्षकांस हें दिसलें नाहीं. शेवटच्या माणसावर कविता, चित्रें आणि विडंबनें यांचें तेव्हां पीक आलें होतें. कोणी पुस्तकाला विकृत मनाचें फळ म्हटलें. एकानें विनोद केला कीं, ‘शेवटची बाई’ असेंच नांव द्यावयाचें होतें, म्हणजे बोलावयास कोणी न उरल्याचें तिचें दुःख लेखिकेस चांगलें रंगवतां आलें असतें. मुखपृष्ठावर मेरीचें नांव नव्हतें, कारण तिच्या सासऱ्यास तें खपत नसे. परीक्षणांतून नांव फुटलें आणि त्यानें तिचा तनखा कांहीं काळ बंद केला. पटकी इंग्लंडांत उतरली ती १८३१ सालीं. तरीहि, १८३३ मधील एक अमेरिकन आवृत्ति सोडली तर, हें पुस्तक पुढें सव्वाशेंहून अधिक वर्षें कोणी छापलें नाहीं.

कथा मात्र थांबली नाहीं. एच. जी. वेल्सनें १८९८ सालीं मंगळावरील प्राण्यांकडून लंडन उध्वस्त करविलें. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्सनें तीच कथा अमेरिकन रेडिओवर बातम्यांच्या रूपानें सादर केली. त्या रात्रीं उडालेला गोंधळ वृत्तपत्रांनीं पुष्कळच फुगविला, असें आतां मानलें जातें. त्या नाटकाच्या उत्तरार्धांत एक प्राध्यापक ओसाड न्यूयॉर्कमधून एकटाच चालत जातो, हें गोंधळाच्या आठवणींत विसरलें गेलें. तो व्हर्नीचाच सख्खा भाऊ. १ मार्च १९५४ रोजीं बिकिनी बेटावरील अमेरिकन चांचणींत एका जपानी मच्छीमार बोटीवर विषारी राख पडली आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘गोजिरा’ पडद्यावर आला. १९५७ सालीं नेव्हिल शूटनें मेलबर्नमध्यें शांतपणें मरणाची वाट पहाणारीं माणसें रंगविलीं. १९९७ सालच्या ‘फॉलआउट’ या खेळांत तर खेळणारा स्वतःच तळघरांतून बाहेर पडतो, तो राक्षस मारावयास नव्हे, तर आपल्या लोकांचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग शोधावयास. २०२० सालीं घरांत कोंडलेल्या लोकांनीं २०११ चा साथीवरील ‘कंटेजन’ हा चित्रपट पुनः पाहिला. भय बाहेर होतें, तेंच भय आंत पडद्यावर पहाण्यांत त्यांना कसला आधार वाटला, याचें उत्तर रोमच्या त्या रिकाम्या ग्रंथालयांत आहे.

मेरी शेलीची कादंबरी पुनः छापली गेली ती १९६५ सालीं, अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठाच्या छापखान्याकडून. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या कडेला जाऊन परतलें होतें, त्याला तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं.