तेलानें बिघडलेलें पाणी आणि ओझोन

पाण्यावर तेल तरंगतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु वरचें तेल काढून घेतलें म्हणजे पाणी निर्मळ झालें, असें समजूं नये. पेट्रोलांतील बेंझिनचा कांहीं अंश पाण्यांत विरघळतो. पाणी दिसावयास स्वच्छ, पण पोटांत विष! जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत बेंझिनची मर्यादा दर लिटरला १० मायक्रोग्रॅम एवढीच ठरविली आहे. हें विरघळलेलें विष नष्ट करण्याची विद्या दोन निरनिराळ्या वाटांनीं आली.

पहिली वाट ओझोनची. बाझेल येथील अध्यापक शेनबाइन यांस विजेनें पाण्याचें पृथक्करण करितांना एक उग्र वास आला. १८४० सालीं त्यांनीं ‘वास येणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्या वायूस ओझोन हें नांव दिलें. १८५७ सालीं वर्नर सीमेन्स यांनीं विजेच्या साहाय्यानें ओझोन तयार करण्याचें यंत्र रचिलें, आणि १९०६ सालीं फ्रान्समधील नीस शहरीं पिण्याचें पाणी ओझोननें निर्जंतुक होऊं लागलें. परंतु हा वायु जंतूंवर जसा तुटून पडतो, तसा बेंझिनवर पडत नाहीं. तेथें त्याची क्रिया फार मंद चालते.

दुसरी वाट केंब्रिजच्या फेंटन यांची. हायड्रोजन पेरॉक्साइडांत लोहक्षाराचा अल्प अंश असला म्हणजे टार्टरिक आम्लाचें ऑक्सिडीकरण त्वरेनें होतें, असें त्यांनीं १८९४ सालीं दाखविलें. लोह येथें उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपतां क्रियेस वेग देणारें द्रव्य होय. या क्रियेंत हायड्रॉक्सिल नांवाचा क्षणभर टिकणारा, पण अतिशय तीव्र कण उत्पन्न होतो, असें १९३४ सालीं हाबर व वाइस यांनीं मांडिलें.

या दोन वाटा स्वित्झर्लंडांत एकत्र आल्या. पाण्यांत ओझोनचें विघटन झालें कीं तोच हायड्रॉक्सिल निर्माण होतो, हें होइन्ये व बाडर यांनीं १९७५ सालीं दाखविलें. हायड्रॉक्सिल बेंझिनलाही सोडीत नाहीं. मग हें विघटन लवकर घडावें म्हणून मँगॅनीज, लोह इत्यादिकांच्या ऑक्साइडांची उत्प्रेरक म्हणून योजना होऊं लागली.

मात्र तरंगतें तेल आधीं काढावेंच लागतें, नाहीं तर ओझोन त्यावरच व्यर्थ खर्चीं पडतो. पाण्यांत ब्रोमाइड असल्यास ब्रोमेट हें नवें विष होण्याचें भयही असतें. एवढें सांभाळलें, तर तें पाणी यंत्रें थंड करण्यास वा धुण्यास पुन्हा घेतां येतें. शेनबाइनपासून येथवर पोहोंचण्यास १३५ वर्षें लागलीं; टाकीची गळती वेळींच बंद करण्यास एवढी विद्या लागत नाहीं.