औषधवाल्याचे घर

मी सातवीपर्यंतच शिकलेली. इतिहास लिहावा असा माझा अधिकार नाही. पण माझी मुलगी औषधशास्त्राची पदविका शिकते. रात्री तिला सोबत म्हणून बसले असता तिने एका औषधवाल्याची हकिकत वाचून दाखविली. तीच येथे सांगते.

अमेरिकेत दक्षिण डाकोटा हे शेतकऱ्यांचे राज्य आहे. तेथील डोलंड हे गाव आपल्या एखाद्या खेड्याएवढेच. ह्यूबर्ट हम्फ्री हे तेथले औषधवाले. माणसांबरोबर गुराढोरांची औषधेही त्यांच्या दुकानी मिळत. ते गावाचे नगराध्यक्षही होते. गावाचे वीजघर खाजगी कंपनीला विकू नये म्हणून ते सभेत भांडले. सभेला ते आपल्या लहान मुलासही नेत. त्याचेही नाव ह्यूबर्टच.

पहिल्या महायुद्धानंतर तिकडे शेतमालाचे भाव कोसळले. शेतकरी बुडाला की दुकानदारही बुडतो, हे आपल्या बुलढाण्याच्या कापूस वेचणाऱ्या बायांना वेगळे सांगावयास नको. गावातल्या बँका बंद पडल्या. १९२७ साली देणी फेडण्यासाठी हम्फ्रींनी राहते घर विकले. मुलगा शाळेतून आला, तो आई झाडाखाली रडत उभी. वडिलांच्याही डोळ्यांत पाणी होते.

येथे मुलगी वाचायची थांबली, कारण मीही रडत होते. आमचे पीक बुडाले त्या वर्षी बियाण्याची उधारी फेडण्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या. कोणाचे देणे बुडविले नाही याचा अभिमान मागाहून वाटला; आधी रडूच आले. इतिहासात पुरुषाचे पद लिहितात, घरातल्या बाईचे रडणे क्वचितच. या मुलाने ते विसरले नाही, मोठेपणी लिहून ठेवले, म्हणून तो मला जवळचा वाटला.

१९३१ साली कुटुंबाने ह्यूरन गावी नवे दुकान थाटले. मुलाने विद्यापीठ सोडले. डेन्व्हरला औषधशास्त्र शिकून १९३३ साली तो वडिलांशेजारी दुकानात उभा राहिला. पुढे पुन्हा शिकला, १९४५ साली मिनियापोलिसचा महापौर झाला, १९४८ साली सिनेटवर निवडून आला. तेवढे पाहून वडील १९४९ साली वारले. काळ्या लोकांना समान हक्क देणारा १९६४ चा कायदा मंजूर होण्यात या मुलाचा मोठा वाटा होता. १९६५ ते १९६९ तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता.

जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या अंत्यविधीस तो दिल्लीस आला होता. आपल्याकडे तेव्हा धान्याची टंचाई होती. अमेरिकेतले शिलकी धान्य भुकेल्या देशांना द्यावे, याचा तो खंदा पुरस्कर्ता. सासूबाई सांगतात, "रेशनच्या त्या लाल गव्हाची पोळी चिवट असे, पण लेकरे उपाशी झोपली नाहीत."

मुलीला मी एवढेच सांगितले, "उद्या तुझे दुकान झाले, तर उधारीची वही नीट ठेव. पण तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवू नको."