सुराचे ठिपके आणि आपले पिक्सेल

ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं चित्र दिसलं की आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "अरे, हे तर पिक्सेल!" तुलना छान आहे, पण फसवी. कशी, ते बघायला फ्रान्सच्या बंदरांवर जावं लागेल.

जॉर्ज सुरा पॅरिसचा. हिवाळ्यात स्टुडिओत भलीमोठी चित्रं काढायची आणि उन्हाळ्यात इंग्लिश खाडीचा किनारा गाठायचा, असा त्याचा शिरस्ता. १८८६ साली आँफ्लर, १८८८ साली पोर-आँ-बेसाँ, १८९० साली ग्रावलीन. बंदर म्हटलं की आपल्याला गलका आठवतो. ग्रावलीनच्या चित्रांत मात्र सगळं चिडीचूप! धक्का, शिडं, दिव्याचा खांब आणि संथ पाणी. माणसं जवळजवळ नाहीतच.

ठिपक्यांमागचा विचार आला होता एका रसायनशास्त्रज्ञाकडून. मिशेल शेव्रल हा गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या धाग्यांचे रंग काळ्याला मारत होते. म्हणजे बग भलतीकडेच! १८३९ साली त्याने यावर पुस्तक काढलं. सुराने हेच कॅनव्हासवर आणलं. रंग कालवायचे नाहीत, शेजारी-शेजारी ठेवायचे.

आता खरी गोम. मॉनिटरचा पिक्सेल स्वतः उजेड देतो, आणि तो वेगळा दिसू नये हीच आपली इच्छा असते. रंगाचा ठिपका अंगावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतो, उरलेला परत करतो. विरुद्ध रंगांचे ठिपके फार बारीक केले की लांबून त्यांची सरासरी होते, आणि ती राखाडी निघते. थोडक्यात, रेझोल्यूशन वाढवलं की चित्र मळतं!

२९ मार्च १८९१ ला सुरा अचानक गेला. वय अवघं ३१. कामी पिसारोसारख्या बुजुर्गानेही ही पद्धत सोडून दिली. उरला मित्र पॉल सिन्याक. हा पक्का दर्यावर्दी. १८९२ साली तो स्वतःच्या शिडाच्या होडीतून सँ-त्रोपेला पोचला. तिथल्या बंदराच्या चित्रांत त्याचे ठिपके वाढत वाढत मोझेकच्या तुकड्यांएवढे झाले. १८९९ च्या पुस्तकात त्याने स्पष्ट मांडलं, की ठिपका हा मुद्दाच नाही, रंग वेगळे आणि शुद्ध ठेवणं हा मुद्दा आहे.

मित्राची पद्धत जशीच्या तशी कवटाळून बसणं सोपं होतं. सिन्याकने ठिपका बदलला आणि त्यामागचं कारण जपलं. १९०४ च्या उन्हाळ्यात तरुण आँरी मातीस सँ-त्रोपेला त्याच्या सहवासात राहून गेला, आणि १९०५ साली मातीस व त्याच्या मित्रांच्या भडक रंगांनी पॅरिस हादरलं.

असो. ऑनसाइटला लंडनला गेलात तर लक्षात ठेवा, ग्रावलीनचं एक चित्र तिथल्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. आधी अगदी जवळून बघा, मग हळूहळू मागे सरका. स्क्रीनवर झूम करून ते कळत नाही.