मांजरांतील पर्मेथ्रिन विषबाधा

पर्मेथ्रिन हे कृत्रिम कीटकनाशक मांजराच्या कातडीवाटे किंवा चाटण्यातून शरीरात गेल्यामुळे होणारी मज्जासंस्थेची तीव्र विषबाधा. कुत्र्यांच्या पिसवा व गोचिडांसाठी ‘स्पॉट-ऑन’ नावाने मिळणारे, मानेवर टाकायचे थेंब मांजराला लावणे हे तिचे सर्वांत नेहमीचे कारण होय. पिसवांची बाहेरून लावण्याची औषधे वापरल्यानंतर मांजरांत ज्या संशयित प्रतिकूल प्रतिक्रिया दिसतात, त्यांत ही सर्वांत घातक आहे, आणि जवळजवळ नेहमी टाळता येण्याजोगीही आहे. मांजर म्हणजे लहान कुत्रे, मग औषधही त्याच मापाने थोडे कमी लावावे, हा समज या विषबाधेच्या मुळाशी असतो.

रसायन व इतिहास : शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या झाडाच्या वाळलेल्या फुलांची भुकटी किडे मारण्यासाठी फार पूर्वीपासून वापरात आहे. एकोणिसाव्या शतकात ती डाल्मेशियाच्या किनारपट्टीतून युरोपभर जाई. विसाव्या शतकात केनियात या झाडाची मोठी लागवड झाली. फुलातील पायरेथ्रिन द्रव्ये किड्यांना चटकन लोळवतात, पण उन्हात लवकर विघटित होतात. त्यांच्या रेणूची नक्कल करून बनवलेल्या द्रव्यांना पायरेथ्रॉइड म्हणतात. त्यांतील पहिले, अ‍ॅलेथ्रिन, १९४९ मध्ये तयार झाले. मच्छर अगरबत्तीत ते पुढे घरोघरी पोचले. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हात टिकणारे पर्मेथ्रिन शोधले आणि १९७३ मध्ये ते जाहीर केले. शेतीतील फवारे, औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या, सैनिकांचे गणवेश असा त्याचा वापर पसरला. माणसांच्या खरजेवर लावायचे ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. माणूस, कुत्रा व बहुतेक सस्तन प्राणी हे द्रव्य चांगले सोसतात. मांजर हा त्यातला ठळक अपवाद.

विषक्रिया : चेतातंतूतून संदेश जातो तो सोडियमच्या आयनांसाठी असलेली सूक्ष्म दारे क्षणभर उघडून लगेच मिटल्यामुळे. पर्मेथ्रिन ही दारे मिटू देत नाही. त्यामुळे एका संदेशाच्या जागी संदेशांची माळ सुटते आणि स्नायू विनाकारण थरथरत राहतात. किडा यानेच मरतो. सस्तन प्राण्यांच्या शरीरात या द्रव्याचे झटपट तुकडे होतात, यकृत त्या तुकड्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडते आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात. मांजराच्या यकृताची ही जोडणी फार दुबळी असते. तिच्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मार्जारकुळात निकामी झालेले आहे. पर्मेथ्रिन मांजराच्या शरीरात रेंगाळण्याचे कारण हेच असावे असे मानले जाते. माणसांची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते, तीही मुख्यतः याच उणिवेमुळे. शिवाय मांजर जागेपणाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते, त्यामुळे कातडीवर पडलेले औषध तोंडावाटेही आत जाते.

मात्रा : कुत्र्यांच्या पर्मेथ्रिनयुक्त थेंबांत या द्रव्याचे प्रमाण साधारण ४५ ते ६५ टक्के असते. मांजराच्या कातडीवर किलोमागे १०० मिलिग्रॅम पडल्यास जिवावर बेतू शकते. हिशेब असा : ५० टक्के औषधाच्या १ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम पर्मेथ्रिन असते. मध्यम कुत्र्यासाठीच्या अडीच मिलिलिटरच्या नळीतले ‘निम्मेच’ औषध साडेतीन किलोच्या मांजराला लावले, तर किलोमागे सुमारे १८० मिलिग्रॅम होतात. लहान पिल्लाला त्याहून कमी औषध पुरते. मुद्दाम न लावताही ही बाधा होते. नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत झोपणारे किंवा त्याची मान चाटणारे मांजर आजारी पडू शकते. खास मांजरांसाठी बनवलेल्या काही पावडरींत व फवाऱ्यांत पायरेथ्रॉइडचे प्रमाण अत्यल्प असते. मांजरांच्या काही पट्ट्यांत फ्लुमेथ्रिन हे याच गटातील द्रव्य असते, पण ते पट्ट्यातून अगदी हळूहळू झिरपते. म्हणून एकाच गटाचे नाव दिसले की धोका सारखाच, असे म्हणता येत नाही. द्रव्य, प्रमाण आणि ते कसे सुटते हे तिन्ही पाहावे लागते.

लक्षणे : बहुधा काही तासांत, क्वचित तीन दिवसांपर्यंत लक्षणे उमटतात. सुरुवात किरकोळ वाटते. माशी बसल्यासारखा कान फडफडतो, पाण्यात पाय पडल्यासारखा पंजा झटकला जातो, पाठीवरच्या कातडीवर लाट उमटून जाते. हात लावताच किंवा भांडे वाजताच मांजर दचकते. मग मागचे पाय लटपटतात, बाहुल्या विस्फारतात, तोंडातून लाळ गळते आणि सर्वांगाला थरकाप सुटतो. पुढच्या टप्प्यात आकडी येते. सततच्या थरकापाने अंग तापते. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, ते ४१ अंशांच्या वर गेले तर मेंदू व मूत्रपिंडांना इजा होते. उपचार चालू असतानाही थरकाप दोनतीन दिवस टिकतो, क्वचित आठवडाभर.

लंडनच्या पशुवैद्यकीय विषबाधा माहिती सेवेकडे आलेल्या २८६ प्रकरणांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ९७ टक्के मांजरांत लक्षणे दिसली, एकतृतीयांश मांजरांना आकडी आली आणि १०.५ टक्के दगावली. हे आकडे सेवेकडे आलेल्या प्रकरणांचे आहेत. ज्यांची वाच्यता झाली नाही अशी मांजरे त्यांत नाहीत.

निदान : रक्ताची एखादी चटकन होणारी चाचणी यासाठी रूढ नाही. निदान होते ते हकिगतीवरून : काय लावले, किती आणि कधी. रिकामी नळी किंवा खोका सोबत नेणे हा सर्वांत उपयोगी पुरावा असतो. मानेवरचे केस तेलकट होऊन टोकेरी झुपक्यांत चिकटलेले दिसतात, तीही खूण. घरच्यांना औषधाचा व थरकापाचा संबंध सुचलेलाच नसतो, म्हणून ‘घरात कुत्रा आहे का’ हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. अशीच लक्षणे इतर कारणांनीही होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेतही थरकाप व लाळ असते, पण तिच्यात बाहुल्या बहुधा आकसतात, उलट्या-जुलाब होतात आणि नाडी मंदावते. पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीतील कॅल्शियमची घट, रक्तातील साखर उतरणे, अपस्मार, स्ट्रिक्निनसारखी इतर विषे हेही विचारात घेतात.

उपचार : या विषावर उतारा नाही. औषध लावल्याचे लगेच लक्षात आले आणि मांजर शांत असेल, तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण यांनी ती जागा धुऊन मांजर कोरडे करतात आणि विनाविलंब पशुवैद्याकडे नेतात. पाणी गरम नको, कारण त्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावून शोषण वाढते. थंडगारही नको, कारण अंग गार पडले की चेतातंतूंवरचा पायरेथ्रॉइडचा प्रभाव वाढतो. थरकाप किंवा आकडी सुरू झाली असेल तर आधी ती आटोक्यात आणतात, अंघोळ नंतर. घरी उलटी करवू नये. आकडी येऊ घातलेल्या प्राण्याच्या फुप्फुसांत उलटी शिरण्याचा धोका असतो.

दवाखान्यात थरकापावर शिरेतून मेथोकार्बामॉल हे स्नायू सैलावणारे औषध देतात. आकडीवर डायझेपाम किंवा मिडॅझोलाम, न थांबल्यास फिनोबार्बिटॉल किंवा प्रोपोफॉल. थरकापावर एकटे डायझेपाम बहुधा पुरे पडत नाही. सलाइन, तापमानाची वारंवार नोंद, डोळ्यांत वंगण, कमी उजेडाची शांत खोली ही शुश्रूषा औषधांइतकीच मोलाची. रुग्णांना शिरेवाटे पोषण म्हणून देतात ते २० टक्के चरबीचे दुधट द्रावण अलीकडे या विषबाधेतही वापरतात. पर्मेथ्रिन चरबीत विरघळते, म्हणून रक्तातील चरबीचे थेंब ते ओढून घेतात, अशी त्यामागची कल्पना आहे. ऑस्ट्रेलियातील ३४ मांजरांवरच्या एका नियंत्रित चाचणीत, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे द्रावण मिळालेली मांजरे लवकर सावरली. अ‍ॅट्रोपिन हा ऑर्गॅनोफॉस्फेटवरचा उतारा आहे, पर्मेथ्रिनवरचा नव्हे.

वेळेवर उपचार मिळालेली बहुतेक मांजरे पूर्ण बरी होतात आणि मागे कायमचे व्यंग राहत नाही. दोनतीन दिवसांच्या दाखल-उपचाराचा खर्च मात्र मोठा असतो, आणि मालकांना तो परवडत नाही म्हणून काही मांजरांना दयामरण दिले जाते.

इतर प्रतिक्रिया : पिसवांच्या थेंबांनंतर मांजराला काही झाले की ती विषबाधाच असते असे नाही. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन ही मांजरांसाठी मान्य असलेली द्रव्ये आहेत. त्यांनंतर सर्वांत जास्त दिसते ती जागेवरची प्रतिक्रिया : लाली, खाज, कोंडा, रुपयाएवढ्या जागेतले केस गळणे. यात पुष्कळदा मूळ द्रव्यापेक्षा त्याच्या विद्रावकाचा हात असतो. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे फेसाळ लाळ. औषध कडू असते. मांजराची जीभ तेथवर पोचली की ते तोंडाला फेस आणते आणि घरभर पळते. ही लाळ थोड्या वेळात थांबते व मांजर खाऊपिऊ लागते. पर्मेथ्रिनच्या बाधेत लाळेसोबत थरकाप असतो आणि तो वाढत जातो. आयसोऑक्सॅझोलिन गटातील नव्या औषधांनंतर काही कुत्र्यामांजरांत थरकाप व आकडी नोंदली गेल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली; औषधे मात्र बाजारात राहिली. ‘नैसर्गिक’ म्हणून लावलेले टी-ट्री तेलासारखे अर्कही मांजरांना बाधतात. तेथेही यकृताची तीच उणीव आड येते असे मानतात.

संशयित या शब्दाचा अर्थ : औषधानंतर घडले ते औषधामुळेच घडले, हे सिद्ध होण्याआधीच नोंद करायची असते, म्हणून अशा नोंदींना ‘संशयित’ म्हणतात. युरोपात प्रत्येक नोंद चारांपैकी एका वर्गात टाकण्याची पद्धत रूढ झाली : औषधाचा संबंध संभवनीय, शक्य, माहितीअभावी ठरवता न येणारा आणि असंभाव्य. लक्षणे किती वेळाने आली, त्या द्रव्याच्या ज्ञात क्रियेशी ती जुळतात का, दुसरे कारण आहे का, यांवरून वर्ग ठरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे स्पॉट-ऑन औषधांबाबत २००७ मध्ये २८,८९५ आणि २००८ मध्ये ४४,२६३ घटना कळवल्या गेल्या. या वाढीमुळे संस्थेने तपास केला व २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. बहुतेक घटना किरकोळ होत्या. मात्र कुत्र्यांचे औषध मांजरांना लावले जाणे हे गंभीर घटनांमागचे एक ठळक कारण निघाले. लेबलावरील इशारे अधिक स्पष्ट करण्याचे आणि वजनाच्या गटांचा पुनर्विचार करण्याचे तेव्हा ठरले.

ग्रामीण संदर्भ : महाराष्ट्रात कुत्र्यांच्या थेंबांखेरीज आणखी एक वाट लक्षात घ्यावी लागते, ती गोठ्याची. गुरांच्या गोचिडांसाठी सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइड द्रव्ये पाण्यात कालवून अंगावर लावतात किंवा गोठ्यात फवारतात. धारेच्या वेळी दुधासाठी घोटाळणारे मांजर त्याच गोठ्यात लोळते. बाटलीतले औषध न कालवता बोळ्याने मांजराला पुसणे, खरजेचे मलम चोपडणे, अंथरुणाभोवती झुरळांच्या खडूच्या रेघा ओढणे हे प्रकार त्याच गटातील द्रव्ये मांजरापर्यंत पोचवतात. गोचिडांवरचे अमिट्राझ हे निराळे द्रव्य मांजरांना तितकेच वर्ज्य, पण त्याची लक्षणे उलट्या दिशेची असतात : सुस्ती, मंद नाडी, उतरलेले तापमान.

प्रतिबंध : खोक्यावर मांजराचे चित्र व त्याच्या वजनाचा गट नसेल ते औषध मांजराला लावू नये, कुत्र्याची मात्रा विभागून लावणे हा पर्याय नाही. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्यासाठी पर्मेथ्रिन नसलेले औषध निवडणे सोयीचे. पर्मेथ्रिनचे औषध लावलेच, तर जागा पूर्ण सुकेपर्यंत, आणि दोघे एकमेकांना चाटत असतील तर दोनतीन दिवस, त्यांना वेगळे ठेवतात. मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा हा एकूण पिसवांचा लहान हिस्सा असतो. अंडी, अळ्या व कोश अंथरुणात, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत असतात. अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि रोज झाडलोट करणे याने मांजराला न बाधता निम्मे काम होते. पिसवा खरोखर आहेत की नाहीत हेही आधी पाहता येते. बारीक दातांची फणी मांजराच्या कमरेवरून फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा. कण काळेच राहिले तर ती नुसती माती.