रजिस्टर-जतन (प्रोसेस ट्रेसिंग)

चालू प्रोसेस थांबवून तिच्या रजिस्टरांतील मूल्ये दुसऱ्या प्रोसेसला वाचता किंवा बदलता यावीत, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल ती मेमरीत राखून ठेवतो, ती व्यवस्था. जीडीबी हा डीबगर आणि सिस्टीम कॉल टिपणारा स्ट्रेस ही दोन्ही साधने तिच्यावरच उभी आहेत. डीबगरला प्रोसेसरमधली रजिस्टरे कधीच दिसत नाहीत. प्रोसेस थांबली की प्रोसेसर दुसऱ्या कामाला लागतो. डीबगर वाचतो ती कर्नलने ठेवलेली प्रत. बदलही त्या प्रतीतच होतो आणि प्रोसेस पुन्हा सुरू होताना प्रोसेसरमध्ये उतरतो.

ही व्यवस्था वापरू देणारा 'पीट्रेस' हा सिस्टीम कॉल युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (1975) आला. ती आवृत्ती पीडीपी-11 या यंत्रावर चाले. यंत्राची आर0 ते आर7 ही आठ रजिस्टरे कर्नलच्या स्टॅकवर सरळ क्रमाने पडत नसत, म्हणून एका छोट्या हेडर फाइलमध्ये आर0 पासूनची त्यांची अंतरे लिहून ठेवली होती: आर1 उणे 2 वर, आर2 उणे 9 वर, प्रोग्रॅम काउंटर असलेले आर7 अधिक 1 वर. आर0 कुठे आहे हे 'यू' क्षेत्रातला, म्हणजे कर्नलने त्या प्रोसेसच्या माहितीसाठी राखलेल्या जागेतला, एक पॉइंटर सांगे. लिनक्समध्ये असे क्षेत्र नाही; तरी पीट्रेसची 'पीक-यूजर' ही विनंती एका कल्पित 'यू' क्षेत्रातले अंतर मागते आणि कर्नल ते खऱ्या जागेशी जुळवून देतो.

बारामतीचे विद्या प्रतिष्ठानचे किंवा इंदापूर तालुक्यातील एस. बी. पाटील अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकताना 'प्रोसेस कंट्रोल ब्लॉक' नावाचा एक चौकोन काढला जातो आणि त्यात 'रजिस्टरे' असे लिहिले जाते. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे, पण लिनक्समध्ये ही मूल्ये एका चौकोनात नसून तीन वेगळ्या जागी असतात. हे ठाऊक नसेल तर ट्रेसिंग समजत नाही.

एक्स86-64 प्रोसेसरवर पहिली जागा म्हणजे कर्नल स्टॅकच्या वरच्या टोकाची 'पीटी-रेग्ज' ही रचना: 21 शब्द, 168 बाइट. प्रोसेस कर्नलमध्ये शिरताच ती भरली जाते. इंटरप्ट आला तर प्रोसेसर स्वतः पाच मूल्ये स्टॅकवर टाकतो आणि उरलेली कर्नल टाकतो. 'सिसकॉल' सूचनेत मात्र प्रोसेसर काहीच ढकलत नाही. तो परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग आर11 मध्ये ठेवतो. बाकी सगळी मांडणी कर्नल हाताने करतो. आरसीएक्स असे अडकल्यामुळेच सिस्टीम कॉलचा चौथा आर्ग्युमेंट आर10 मधून जातो. आरएएक्समध्ये कॉलचा क्रमांक येतो आणि परतताना उत्तर त्याच रजिस्टरात बसते, म्हणून मूळ क्रमांक 'ओरिग-आरएएक्स' या वेगळ्या घरात जपला जातो. हे घर नसते तर अर्धवट तुटलेला कॉल पुन्हा सुरू करणे कर्नलला जमले नसते आणि कॉल संपताना तो कोणता होता हेही स्ट्रेसला कळले नसते.

दुसरी जागा प्रोसेस बदलण्याच्या वेळची. तेव्हा आरबीपी, आरबीएक्स आणि आर12 ते आर15 अशी सहाच रजिस्टरे स्टॅकवर जातात. ती कर्नलच्या स्वतःच्या वाटचालीची असतात, डीबगरला त्यांच्याशी कर्तव्य नाही. दोन्ही जतने एकच समजणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची गफलत. तिसरी जागा फ्लोटिंग पॉइंट आणि व्हेक्टर रजिस्टरांची. ती आकाराने मोठी, म्हणून त्यांचा वेगळा साठा असतो. 2010 मध्ये लिनक्स 2.6.34 पासून 'गेट-रेगसेट' विनंतीने कोणताही संच एकाच पद्धतीने मागता येतो.

आयआयटी मुंबईत घडलेला आणि 2019 मध्ये जाहीर झालेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर स्पार्क-व्ही8 या सूचनासंचावर आधारलेला आहे. या संचात रजिस्टरे जतन करण्याचा प्रश्न अधिक बिकट होतो. कार्यक्रमाला एका वेळी 32 रजिस्टरे दिसतात; त्यांपैकी 24 एका सरकत्या खिडकीतली. फंक्शन बोलावले की खिडकी सरकते, आणि प्रोसेस थांबते तेव्हा जुन्या खिडक्या प्रोसेसरमध्येच पडून असू शकतात. स्पार्कवरचा लिनक्स त्या आधी वापरकर्त्याच्या स्टॅकवर ओततो. पीटी-रेग्जमध्ये 16 रजिस्टरे मिळतात, उरलेली 16 डीबगरला प्रोसेसच्या स्टॅकमधून वाचावी लागतात. स्टॅकचे ते पान मेमरीत नसेल, तर खिडकी तात्पुरती कर्नलकडे राहते.

प्रतीत लिहिण्याची मुभा निर्धास्त देता येत नाही. सेगमेंट रजिस्टरात कर्नलचा अधिकार देणारे मूल्य घालू पाहिले तर कर्नल विनंती नाकारतो. फ्लॅगचेही ठरावीक बिटच बदलू देतो. एकेक सूचना चालवण्यासाठी त्याने स्वतः लावलेला ट्रॅप फ्लॅग तो डीबगरला दाखवत नाही. ब्रेकपॉइंटचा 'सीसी' हा एक बाइटचा सापळा लागल्यावर आरआयपी, म्हणजे एक्स86-64 चा प्रोग्रॅम काउंटर, एक बाइट पुढे गेलेला असतो. डीबगर प्रतीतला आकडा एकने कमी करतो, मूळ बाइट परत ठेवतो आणि कार्यक्रम पुढे चालतो.

2012 मध्ये लिनक्स 3.4 मध्ये आलेले, ट्रेसिंगवर बंधने घालणारे 'यामा' सुरक्षा मॉड्यूल लागू असले, तरी डीबगरनेच सुरू केलेली प्रोसेस तपासायला सहसा रूटचा अधिकार लागत नाही. बारामती-इंदापूरच्या प्रयोगशाळांत हा पाठ फळ्यावर न थांबवता जीडीबीमध्ये करून घ्यावा: कार्यक्रम थांबवावा, आरआयपी आणि ओरिग-आरएएक्स वाचावे, एक मूल्य बदलावे आणि कार्यक्रम पुढे सोडावा.