ग्रॅम रंजन

ग्रॅम रंजन ही जीवाणूंना ठरावीक क्रमाने रंग देऊन त्यांची दोन मोठ्या गटांत विभागणी करण्याची सूक्ष्मजीवशास्त्रातील पद्धत आहे. डॅनिश वैद्य हान्स क्रिश्चन ग्रॅम (१८५३–१९३८) यांनी ती १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीत जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या जीवाणूंना ग्रॅम-धन, तर तो रंग गमावून नंतर दिलेला लाल-गुलाबी रंग घेणाऱ्या जीवाणूंना ग्रॅम-ऋण म्हणतात. काही मराठी ग्रंथांत याच अर्थाने ग्रॅम-व्यक्त आणि ग्रॅम-अव्यक्त या संज्ञा आढळतात. येथील धन व ऋण यांचा विद्युतभाराशी संबंध नाही.

दोन गटांच्या रंगातील फरक त्यांच्या पेशीभित्तिकेच्या रचनेतून येतो. प्रतिजैविक पेशीत शिरू शकेल की नाही, हेही बऱ्याच अंशी याच रचनेवर ठरत असल्याने काही मिनिटांत होणारी ही चाचणी उपचारांची पहिली दिशा दाखवते. मात्र तिचा निष्कर्ष विश्वासार्ह ठरण्यासाठी जीवाणूंचा संवर्ध शुद्ध व ताजा असावा लागतो आणि रंग काढण्याची पायरी काटेकोरपणे पार पाडावी लागते.

इतिहास

१८८० च्या दशकात बर्लिन येथे कार्ल फ्रीडलेंडर यांच्याबरोबर काम करताना ग्रॅम न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे छेद तपासत होते. त्या काळी वापरात असलेले रंग जीवाणूंबरोबरच ऊतींतील पेशीकेंद्रकांनाही रंगवत. त्यामुळे छेदात जीवाणू वेगळे ओळखणे कठीण जाई. ग्रॅम यांनी छेदाला ॲनिलीनयुक्त जेन्शियन व्हायोलेट हा रंग दिला, त्यावर आयोडिनाचे द्रावण वापरले आणि मग छेद अल्कोहोलने धुतला. ऊतींचा रंग निघून गेला, परंतु अनेक जीवाणू गडद जांभळे राहिले.

जीवाणूंचे वर्गीकरण करणे हा ग्रॅम यांचा हेतू नव्हता. विषमज्वराच्या दंडाणूंसारखे काही जीवाणू या पद्धतीत रंग धरत नाहीत, हे त्यांना दिसले होते. पण त्या वेळी ती पद्धतीतील उणीव वाटत होती. आपली पद्धत अपुरी असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. पुढे कार्ल वायगर्ट यांनी सॅफ्रानिन या लाल प्रतिरंगाची जोड दिल्यावर रंग गमावलेले जीवाणूही स्पष्ट दिसू लागले आणि उणीव मानली गेलेली गोष्टच पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य ठरली.

न्यूमोनियाच्या कारणाविषयीचा त्या काळचा वाद सुटण्यासही या रंजनाची मदत झाली. फ्रीडलेंडर यांनी वर्णन केलेला जीवाणू, म्हणजे आजचा क्लेब्सिएला न्यूमोनिए, ग्रॅम-ऋण आहे. आल्बर्ट फ्रेंकेल यांनी वर्णन केलेला न्यूमोकोकस ग्रॅम-धन आहे. दोन्ही जीवाणू न्यूमोनिया घडवू शकतात, पण ते एकमेकांपासून भिन्न आहेत, हे रंगावरून दाखवता आले.

शुद्ध संवर्ध

रुग्णाच्या नमुन्यात अनेक जातींचे जीवाणू एकत्र असू शकतात. एका जातीचा अभ्यास करायचा तर ती इतरांपासून वेगळी वाढवावी लागते. अशा वाढीला शुद्ध संवर्ध म्हणतात. द्रव माध्यमात सर्व जाती मिसळून वाढत असल्याने हे काम अवघड होते. रॉबर्ट कॉख यांनी प्रथम बटाट्याचे काप व नंतर जिलेटिनयुक्त माध्यम वापरून घन पृष्ठभागावर जीवाणू वाढवले. परंतु शरीराच्या तापमानाला जिलेटिन वितळते आणि काही जीवाणू ते पचवून पातळही करतात. कॉख यांचे सहकारी वाल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातील अनुभवावरून अगर वापरण्याची सूचना केली. अगर हा समुद्री शैवालांपासून मिळणारा पदार्थ असून भारतीय बाजारात तो चायना ग्रास या नावाने परिचित आहे. उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला तो विरघळतो, सुमारे ४० °से. पर्यंत निवल्यावर घट्ट होतो आणि ३७ °से. तापमानाला घट्टच राहतो. १८८७ मध्ये यूलियुस रिखार्ट पेट्री यांनी झाकणाच्या उथळ काचबशीचे वर्णन केले. ती आज पेट्री डिश म्हणून ओळखली जाते.

माध्यम वापरण्यापूर्वी ते सामान्यतः १२१ °से. तापमानाला दाबाखालील वाफेत १५ मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात. त्यानंतर तारेच्या लूपने नमुन्याचा अल्प अंश अगरच्या एका कडेला पसरवतात. लूप ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून निववतात आणि आधीच्या रेघांच्या टोकातून नव्या रेघा ओढतात. असे तीन-चार वेळा केल्याने शेवटच्या भागात जीवाणू विरळ होतात. पेट्री डिश ३७ °से. तापमानाला १८ ते २४ तास ठेवल्यावर तेथे सुट्या वसाहती दिसतात. अशी प्रत्येक वसाहत एका पेशीपासून किंवा पेशींच्या एका पुंजक्यापासून वाढलेली असते. हा कालावधी नेहमी वाढणाऱ्या अनेक रोगकारक जीवाणूंसाठी पुरेसा असतो. क्षयरोगाच्या जीवाणूंची वाढ दिसण्यास काही आठवडे लागतात.

ग्रॅम-धन व ग्रॅम-ऋण यांतील भेद माध्यमांच्या रचनेतही वापरला जातो. मॅकॉन्की अगरमधील पित्तक्षार व क्रिस्टल व्हायोलेट बहुतेक ग्रॅम-धन जीवाणूंची वाढ रोखतात. त्यामुळे विष्ठेच्या नमुन्यातून आतड्यातील ग्रॅम-ऋण दंडाणू वेगळे करणे सोपे जाते.

कृती

१. स्वच्छ काचपट्टीवर पाण्याचा थेंब घेऊन त्यात वसाहतीचा अगदी अल्प अंश मिसळतात आणि पातळ लेप पसरवतात. पू, थुंकी किंवा अन्य द्रव नमुन्याचा लेप थेटही करता येतो.

२. लेप हवेत पूर्ण वाळल्यावर काचपट्टी दोन-तीन वेळा ज्योतीवरून नेतात. त्यामुळे पेशी काचेला चिकटतात. लेप ओला असताना उष्णता दिल्यास पेशींचा आकार बिघडतो.

३. लेपावर क्रिस्टल व्हायोलेट सुमारे १ मिनिट ठेवून पाण्याने हलकेच धुतात. या टप्प्यावर सर्व पेशी जांभळ्या असतात.

४. ग्रॅमचे आयोडिन द्रावण सुमारे १ मिनिट ठेवून पुन्हा धुतात. आयोडिन येथे रंगबंधकाचे काम करते.

५. काचपट्टी तिरपी धरून ९५ टक्के अल्कोहोल किंवा ॲसिटोन-अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडतात. ओघळणाऱ्या द्रवातील जांभळी छटा नाहीशी होताच लगेच पाण्याने धुतात. यास सहसा काही सेकंदच लागतात.

६. सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद ठेवून धुतात आणि टीपकागदाने हलकेच टिपून काचपट्टी वाळवतात.

७. लेपावर निमज्जन तेलाचा थेंब टाकून १०० पट वस्तुभिंगाखाली तपासणी करतात. १० पट नेत्रभिंगासह एकूण विवर्धन १,००० पट होते.

तत्त्व

ग्रॅम-धन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाचा जाड, अनेक पदरी थर असतो. ग्रॅम-ऋण जीवाणूंत हा थर अतिशय पातळ असतो आणि त्याच्या बाहेर लिपोपॉलिसॅकराइडयुक्त बाह्यपटल असते. क्रिस्टल व्हायोलेट व आयोडिन यांचा पेशीत मोठा संयुक्त कण बनतो. अल्कोहोलमुळे जाड थरातील पाणी निघून जाते, जाळी आवळते आणि हा कण आत अडकून राहतो. ग्रॅम-ऋण पेशीत अल्कोहोलमुळे बाह्यपटलातील मेद निघून जातात; उरलेला पातळ थर रंग अडवू शकत नाही. रंगहीन झालेली ही पेशी मग सॅफ्रानिनमुळे गुलाबी दिसते. ग्रॅम-धन पेशीही सॅफ्रानिन शोषतात, पण गडद जांभळ्या रंगापुढे ते दिसून येत नाही.

निष्कर्षाचे वाचन

रंगाबरोबर पेशींचा आकार व मांडणीही नोंदवली जाते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हे द्राक्षांच्या घडासारखे समूह करणारे ग्रॅम-धन गोलाणू आहेत, तर स्ट्रेप्टोकोकसच्या अनेक जाती साखळ्या करतात. धनुर्वात, घटसर्प व काळपुळी या रोगांचे दंडाणू ग्रॅम-धन आहेत. एश्चेरिकिया कोलाय, विषमज्वराचे दंडाणू व पटकीचे स्वल्पविरामासारखे वक्र जीवाणू ग्रॅम-ऋण आहेत. परमा रोगाचे जीवाणू जोडीने आढळणारे ग्रॅम-ऋण गोलाणू असून पुवातील पांढऱ्या पेशींच्या आत दिसतात.

वैद्यकातील उपयोग

जीवाणुजन्य मेनिंजायटिसमध्ये उपचारांना झालेला उशीर प्राणघातक ठरू शकतो. संवर्धाचा निकाल येण्यास सहसा एक ते दोन दिवस लागतात. त्याउलट मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा ग्रॅम लेप तासाभरात वाचता येतो. त्यात ग्रॅम-धन गोलाणूंच्या जोड्या दिसल्यास न्यूमोकोकसचा, तर ग्रॅम-ऋण गोलाणूंच्या जोड्या दिसल्यास मेनिंगोकोकसचा संशय बळावतो. दुसऱ्या स्थितीत रुग्णाच्या निकट संपर्कातील व्यक्तींना प्रतिबंधक औषध देण्याचाही विचार करावा लागतो.

औषधनिवडीवरही या निष्कर्षाचा परिणाम होतो. उदाहरणार्थ, व्हँकोमायसिनचा मोठा रेणू ग्रॅम-ऋण जीवाणूंचे बाह्यपटल सहसा ओलांडू शकत नाही. म्हणून ते प्रामुख्याने ग्रॅम-धन जीवाणूंवर वापरले जाते. तरीही लेपावरून जीवाणूची नेमकी जात किंवा त्याची औषधरोधकता समजत नाही. त्यासाठी संवर्ध व संवेदनक्षमता चाचणी आवश्यक असते. तसेच नमुन्यात जीवाणूंची संख्या कमी असेल तर ते लेपात दिसत नाहीत. त्यामुळे लेपात जीवाणू न दिसणे हा संसर्ग नसल्याचा पुरावा नव्हे.

चुकीच्या निष्कर्षांची कारणे

रंग काढणारा द्रव जास्त वेळ राहिल्यास ग्रॅम-धन पेशीही गुलाबी दिसतात. तो कमी वेळ वापरल्यास किंवा लेप जाड असल्यास ग्रॅम-ऋण पेशी जांभळ्या राहतात. लेपाला अति उष्णता दिल्यास पेशीभित्तिका फाटून रंग निसटतो. संवर्ध जुना असेल तर ग्रॅम-धन जीवाणूंची पेशीभित्तिका दुबळी होते आणि एकाच लेपात दोन्ही रंग दिसतात. प्रतिजैविक घेतलेल्या रुग्णाच्या नमुन्यातही असे घडू शकते. म्हणून ताजा संवर्ध वापरतात आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस व एश्चेरिकिया कोलाय या ज्ञात जीवाणूंचे लेप सोबत रंगवून तुलना करतात. शंका राहिल्यास वसाहतीचा अंश ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घोटतात. ग्रॅम-ऋण पेशी त्यात फुटून डीएनए बाहेर पडते आणि लूप उचलताच चिकट तार ओढली जाते.

प्लेगच्या जीवाणूचे उदाहरण

१८९४ मध्ये हाँगकाँग येथील साथीत अलेक्सांद्र येर्सँ व शिबासाबुरो किटासातो यांनी स्वतंत्रपणे प्लेगच्या जीवाणूचा शोध घेतला. येर्सँ यांनी वर्णन केलेला दंडाणू ग्रॅम पद्धतीत रंग गमावणारा होता आणि ते वर्णन पुढे योग्य ठरले. किटासातो यांच्या सुरुवातीच्या वृत्तात ग्रॅम रंजनाबाबत निश्चित निष्कर्ष नव्हता. त्यांच्या संवर्धात न्यूमोकोकस या ग्रॅम-धन जीवाणूची भेसळ झाली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. संवर्ध शुद्ध नसेल तर रंजनाचा निष्कर्षही संदिग्ध राहतो, हे या उदाहरणातून दिसते.

१८९६ मध्ये हा रोग मुंबईत पोहोचला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत प्लेगचा जीवाणू मांसरसात वाढवून, उष्णतेने मारून १८९७ मध्ये त्याची लस तयार केली. जीवाणूंची भरपूर वाढ व्हावी म्हणून मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. अशा संवर्धात त्या थेंबांखाली लोंबत्या धाग्यांसारखी वाढ होई. ही प्रयोगशाळा पुढे परळ येथे गेली आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

मर्यादा

सर्व सूक्ष्मजीव या पद्धतीने ओळखता येत नाहीत. क्षयरोग व कुष्ठरोगाच्या जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत मायकोलिक आम्लांचा मेणासारखा थर असल्याने त्यांच्यासाठी झील-नेल्सन रंजन वापरतात. मायकोप्लाझ्मा जीवाणूंना पेशीभित्तिकाच नसते. उपदंशाचे सर्पिल जीवाणू इतके बारीक असतात की ग्रॅम लेपात दिसत नाहीत. क्लॅमिडिया व रिकेट्सिया पेशींच्या आत राहतात आणि या रंजनाने नीट दिसत नाहीत. हिवतापाचे परजीवी हे जीवाणू नसून ॲनोफिलिस डासाच्या मादीमार्फत पसरणारे आदिजीव आहेत. ते रक्ताच्या लेपात लीशमन किंवा गीम्सा रंजनाने पाहिले जातात. त्यामुळे कोणता रोगकारक अपेक्षित आहे, हे लक्षात घेऊनच प्रयोगशाळेत रंजनाची पद्धत निवडली जाते.