राखणीचा पैसा

सोनगीरचा किल्ला पाहून कुणाची छाती दडपत नाही. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की वीसेक किलोमीटरवर गावाच्या डोक्याशी एक लांबट टेकडी दिसते. तिच्यावर पडकी तटबंदी आहे, एक खोल विहीर आहे आणि बाकी गवत. राजगड-तोरणा चढलेला माणूस इथे येऊन विचारेल, की एवढ्याशा टेकडीवर किल्ला कशाला? उत्तर वर गेल्यावर समजतं. या किल्ल्याला लपायचं नव्हतं, खालची वाट पाहायची होती. कोण येतंय, कोण जातंय, बैल किती, पाठीवर काय लादलंय, सोबत हत्यारं किती. खानदेशातलं कुठलंही जुनं बांधकाम ‘गवळी राजाचं’ म्हणून सांगतात, मग ते देऊळ असो की बारव. गवळी राजा नेमका कोण, हा वाद विद्वानांनी घालावा. या वाटेवर बसलेल्या प्रत्येकाने येणाऱ्या-जाणाऱ्याकडून काहीतरी घेतलं असणार, एवढं मात्र टेकडीवरून नुसतं पाहिलं तरी पटतं.

मला माग काढायचा आहे तो त्याच घेण्याचा. वाटसरूने सुखरूप पुढे जावं म्हणून कुणाच्या तरी हातावर ठेवलेला पैसा. सोनगीरला आज तो टोलनाक्यावर कापला जातो. त्याची वंशावळ लांबलचक आहे आणि तिच्यात राजे कमी, नाईक जास्त आहेत.

जागाच तशी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा, मध्ये तापीचं सपाट काळं रान. या रानातून दोन मोठ्या वाटा जात. एक आडवी, सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ मध्ये त्याच वाटेने बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझच्या दरबारात गेला. दुसरी उभी. दख्खनेतून निघून तापी ओलांडायची आणि सेंधव्याचा घाट चढून माळव्याकडे जायचं. सोनगीर या उभ्या वाटेवर, पांझरा आणि तापी यांच्या मधे. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद दिलं, तेव्हा दिली ती नुसती जमीन नव्हती. थाळनेर म्हणजे तापीचा उतार, आणि उतार ज्याच्या हातात त्याच्या हातात वाट. १६०१ मध्ये अशीरगड पडला, फारुकी संपले, मोगल आले. त्यांच्या अमलात वाटेवरच्या या वसुलीला ‘राहदारी’ म्हणत. औरंगजेबाने कारकिर्दीच्या सुरुवातीलाच ती माफ केली. फर्मान दिल्लीत निघालं, चौक्या मात्र जागच्या जागी राहिल्या. आपल्याकडे माफीचे हुकूम असेच निघतात.

१७५२ च्या भालकीच्या तहाने पश्चिम खानदेश निजामाकडून पेशव्यांकडे आला. पण कागदावरचा धनी बदलला तरी घाटातला धनी तोच होता. डोंगरात भिल्ल, गावात त्यांचाच जागल्या. जागल्याचं काम रात्रीच्या हाळीपुरतं नव्हतं. चोरी झाली की पहाटे तो चोराच्या पायाचा माग धरून निघे. माग शेजारच्या शिवेत शिरला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा, मग त्याने पुढे न्यायचा. माग ज्या गावाच्या शिवेत हरवला, त्या गावाने चोरी भरून द्यायची. ही व्यवस्था मला कुठल्याही पोलीस ठाण्याच्या नोंदवहीपेक्षा हुशार वाटते. तिच्यात राखणदाराला पगार नव्हता, हक्क होता. गावागावाकडून ठरलेलं धान्य, ठरलेला पैसा. डोंगरातल्या नाइकांचंही तसंच. हक्क पोचला तर घाट राखायचा, नाही पोचला तर तोच घाट लुटायचा. दोन्ही कामांना माणसं तीच लागत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा हिशेब पार विस्कटला. होळकरांच्या फौजा फिरल्या, मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला, पेंढारी आले. गावं उठली. हक्क द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून राखायलाही कुणी उरलं नाही. गढ्या आणि किल्ले पगार थकलेल्या अरब शिपायांच्या ताब्यात होते. इंग्रजांशी झालेल्या महिदपूरच्या लढाईनंतर होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला, पण थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. २७ फेब्रुवारी १८१८ ला जनरल हिस्लॉपने थाळनेर घेतलं. दरवाजात गोंधळ होऊन काही इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. खानदेशातल्या इंग्रजी अमलाची ही सुरुवात.

पुढे खानदेशचा कारभार पाहायला आलेला कॅप्टन ब्रिग्ज व्यवहारी होता. त्याने धुळं हे ठाणं केलं. त्याचा वरिष्ठ एल्फिन्स्टन, त्याचं धोरण असं, की नाइकांना मारून डोंगर रिकामा होत नाही, तेव्हा त्यांचे जुने हक्क मान्य करा, वर पेन्शन बांधून द्या आणि घाट त्यांच्याकडूनच राखून घ्या. म्हणजे पेशवाईतलीच गोष्ट, फक्त आता पावती इंग्रजीत. ते पुरतं साधलं नाही, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटला भिल्लांची पलटण उभी करायला सांगितलं. धरणगाव हे तिचं ठाणं. औट्रमच्या गोष्टी इंग्रजांनी हौसेने लिहून ठेवल्या आहेत. तो भिल्लांबरोबर वाघाच्या मागावर पायी जाई, शेकोटीशी बसे, जखमी झाला तरी हसे. वाघ त्याने खूप मारले यात शंका नाही. पण आधी त्यानेच डोंगरात घुसून भिल्लांच्या वस्त्यांवर छापे घातले होते आणि पलटणीतले पहिले शिपाई त्याच्या कैद्यांतूनच आले, हे त्या शेकोटीच्या गोष्टीत मागे पडतं. पोटाला पगार मिळतोय आणि जुने गुन्हे माफ होताहेत म्हटल्यावर माणसं आली. हे समजायला वाघ लागत नाही.

आता खाज्या नाईक. कागदोपत्री काजरसिंग, लोकांच्या तोंडी खाज्या. १८३० च्या दशकापासून सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. त्या वेळी या वाटेवरून काय जात होतं ते पाहण्यासारखं आहे. माळव्याची अफू. इंदूरला कंपनीचा परवाना घ्यायचा आणि गाड्या घाट उतरून शिरपूर, सोनगीर, धुळं करत मुंबईला न्यायच्या. परवान्याचा दर पेटीमागे ४०० रुपयांवर गेला होता. म्हणजे वाटेचा पैसा सरकार घाटाच्या वरच, टेबलाशी बसून, घेत होतं. घाटात रात्र काढायची ती नाइकाने. पुढे एक संशयित त्याच्या ताब्यात असताना मेला आणि १८५१ च्या सुमारास खाज्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १८५६ ला त्याला सोडलं, १८५७ ला पुन्हा त्याच घाटावर नेमलं. वीस वर्षं राखण, पाच वर्षं तुरुंग आणि मग पुन्हा तीच राखण. एवढं झाल्यावर त्याने काय करावं अशी अपेक्षा होती, कोण जाणे.

नोव्हेंबर १८५७ मध्ये खाज्या आणि त्याचा साथीदार भीमा नाईक यांनी सेंधव्याच्या बाजूला सरकारी खजिना लुटला. रक्कम सुमारे सात लाख. शिरपूरही लुटलं. घाट बंद झाला. मुंबई आणि माळव्यामधली तार आणि टपाल याच वाटेवर होती, तेव्हा ती लूट मुंबईपर्यंत झोंबली. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली. भिल्लांच्या बाजूने अरब आणि मकराणीही लढले, म्हणजे थाळनेरच्या वेळी होती तसलीच माणसं. खाज्याचा मुलगा पोलादसिंग तिथे पडला. पकडलेल्यांपैकी पन्नासहून अधिक जणांना लढाई संपताच तिथेच गोळ्या घातल्या आणि शेकडो बायका-मुलांना कैद करून नेलं. खाज्या निसटला. १८६० मध्ये त्याच्याच पदरच्या एका मकराण्याने विश्वासात घेऊन त्याला मारलं. भीमा पुढे पकडला गेला, त्याची रवानगी अंदमानात झाली.

सरकारी कागद खाज्याला दरोडेखोर म्हणतात, शिरपूर-सेंधव्याकडे तो क्रांतिवीर आहे. मला या दोन्ही शब्दांत ‘घाटराख्या’ हा तिसरा माणूस हरवलेला दिसतो. त्याला वाटेवरचा प्रत्येक ओढा आणि खजिन्याच्या गाड्यांचा मुक्काम ठाऊक होता, कारण तेच त्याचं काम होतं.

जगात हे एकट्या सेंधव्यालाच घडलं असंही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसीतल्या नॅशव्हिलपासून मिसिसिपीकाठच्या नॅचेझपर्यंत सातशे किलोमीटरची एक रानवाट होती, नॅचेझ ट्रेस. वरचे शेतकरी तराफ्यांवरून माल नदीने खाली नेत, तराफा लाकडाच्या भावाने विकत आणि रोख पैसा कमरेला बांधून पायी परतत. मग लुटारू येणारच. त्यातला सॅम्युएल मेसन आधी क्रांतियुद्धात मिलिशियाचा कॅप्टन होता, नंतर न्यायदंडाधिकारी. १८०३ मध्ये बक्षिसाच्या लोभाने त्याच्या साथीदारांनीच त्याला मारलं. बक्षीस मागायला गेलेल्यांतला एक जण स्वतःच फरारी निघाला आणि फासावर गेला. पण मला जास्त आठवतो तो जॉर्ज कोल्बर्ट, चिकासॉ जमातीचा पुढारी. १८०१ च्या तहात अमेरिकन सरकारला रस्ता मिळाला, नद्यांवरच्या नावा मात्र चिकासॉंच्या मालकीच्या राहिल्या. टेनेसी नदीवर कोल्बर्टची नाव होती. सैन्य पार करायला त्याने जनरल जॅक्सनकडे पंचाहत्तर हजार डॉलर मागितले, अशी तिकडची आख्यायिका आहे. आकडा खरा नसावा. पण नदी आमची, पैसा आमचा, हे सांगणारा माणूस मात्र खरा होता. १८३७ नंतर चिकासॉंना मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं; त्याआधीच नदीवर वाफेच्या बोटी आल्या होत्या आणि ती रानवाट ओस पडली होती.

आग्रा रोडचंही तेच झालं, बोटींऐवजी आगगाडीने. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली, १८७० ला तिथून जबलपूरमार्गे उत्तरेला जोडली गेली. अफू, कापूस, पलटणी सगळं डब्यात बसलं. १९०० मध्ये तापी खोऱ्याची रेल्वेही आली, जवळचं स्टेशन नरडाणा. सोनगीर मात्र वाटेवर राहिलं ते भांड्यांमुळे. तांब्या-पितळेच्या कामाबद्दल गावाचं नाव खानदेशभर. हंडा, घागर, बंब, परात. पोटाला मठार देताना हातोडी एकसारख्या अंतराने पडली पाहिजे, नाहीतर उन्हात धरल्यावर ठोका चुकलेला लगेच उघडा पडतो. जुन्या भांड्यांची मोड वाटेने येई, हंडा होऊन वाटेनेच लग्नघरी जाई.

आणि वसुली? ती कायद्यात शिरली. १८५१ चा इंडियन टोल्स अ‍ॅक्ट, मग मुंबई इलाख्याचा १८७५ चा रस्ते-पुलांवरील टोलचा कायदा. आता पैसा राखणीचा राहिला नाही, खडी-मुरुमाचा झाला. राखण पोलिसांकडे गेली, नाइकाचा हक्क पेन्शनीत विरघळला.

लुटीची परंपरा मात्र एकदा पुन्हा वर आली, आणि सोनगीरच्या अगदी शेजारी. इथून दोंडाईच्याकडे फुटणाऱ्या रस्त्यावर चिमठाणे आहे. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना तिथे लुटला गेला, साडेपाच लाखांच्या आसपास. डॉ. उत्तमराव पाटील आणि खानदेशातले क्रांतिकारक होते, साताऱ्याच्या प्रतिसरकारातून जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आले होते. हेच प्रतिसरकार साताऱ्याच्या गावांत दरोडेखोरांचा बंदोबस्त करत होतं, न्याय देत होतं. चिमठाण्याजवळ आज स्मारक आहे. सात लाख लुटणारा खाज्या आणि साडेपाच लाख लुटणारे हे, दोघांना एकाच माळेत ओवणं इतिहासकाराला पटणार नाही. हेतू वेगळे, काळ वेगळा. पण सरकारचा पैसा या मोकळ्या रानात कुठे उघडा पडतो, हे दोघांनाही बरोबर कळलं होतं.

ट्रकांनी आग्रा रोडला पुन्हा दिवस दाखवले. तो राष्ट्रीय महामार्ग तीन झाला, आता या पट्ट्यात बावन्न. धुळे ते पळासनेर रस्ता चौपदरी झाला तो ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, आणि सोनगीरला व शिरपूरला टोलनाका बसला. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा. काचेवरची पट्टी वाचली जाते, दांडा वर जातो. वाचली नाही तर मागून हॉर्न सुरू होतात आणि नाक्यावरचा पोरगा अहिराणीत सांगतो, “भो, बॅलन्स नही शे.”

घाटात आता माणसाची भीती नाही, उताराची आहे. बिजासनचा घाट, म्हणजे तोच सेंधव्याचा, उतरून गाडी पळासनेरला येईपर्यंत ब्रेक तापतात. ४ जुलै २०२३ ला असाच एक कंटेनर ब्रेक निकामी होऊन पळासनेरला रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. घाटमाथ्यावर बिजासनमातेपुढे गाडी थांबवून हात जोडणारे चालक त्याआधीही होते, नंतरही आहेत.

स्थानिकांच्या हक्काची एक सोय मात्र नियमांत अजून आहे. टोलनाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला सवलतीचा मासिक पास मिळतो. रहिवासाचा पुरावा लागतो, गाडी खासगी लागते. सोनगीरच्या माणसाची मोटार त्यात बसते. भांडी भरून शिरपूरच्या बाजाराला निघालेला त्याचा टेम्पो बसत नाही. जिल्ह्यातल्या नोंदणीची सवलत लागू झाली तर तेवढीच, पास नाही.